झाडागणिक नोंद आकाशातून: बागायतीतील ड्रोनचित्रणाचे बळ आणि मर्यादा

गोव्यात लागवडीखालील पिकांमध्ये सर्वाधिक क्षेत्र काजूचे आहे. सत्तरी, सांगे, केपे, काणकोण या तालुक्यांतील डोंगरउतारांवर एकेका बागायतदाराची शेकडो झाडे उभी असतात. त्यांपैकी कोणते झाड यंदा मागे पडले, कोणत्या झाडाचा मोहोर करपला, कोणते आतून पोखरले गेले, हे बहुतेकदा बोंडू वेचण्याच्या हंगामातच उमगते. तोवर त्या झाडाचे वर्ष वाया गेलेले असते आणि कित्येकदा झाडही हातचे गेलेले असते. काजू, आंबा वा नारळ ही काही भातासारखी पिके नव्हेत. भाताचे एक रोप मेले तर शेतकऱ्याला त्याची खंतही जाणवत नाही. मात्र फळझाड गेले, की नवे रोप लावून ते भरात येईपर्यंत बरीच वर्षे जातात. म्हणून फळबागेत हिशेब एकरी न ठेवता झाडागणिक ठेवावा लागतो.

असा हिशेब ठेवण्यासाठी गेल्या काही वर्षांत ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांचा उपयोग होऊ लागला आहे. ‘ड्रोन रोग ओळखतो’ असा दावाही त्यासोबत सर्रास ऐकू येतो. हा दावा कितपत खरा आहे, हे समजून घेण्यासाठी ड्रोनला झाडाचे नेमके काय दिसते आणि काय दिसत नाही, हे आधी पाहावे लागेल.

उपग्रह असताना ड्रोन कशासाठी?

शेतीचे निरीक्षण करणारे उपग्रह पूर्वीपासून आहेत. युरोपच्या सेंटिनेल-२ या उपग्रहजोडीची छायाचित्रे कोणालाही विनामूल्य मिळतात आणि साधारण दर ५ दिवसांनी त्याच जागेचे नवे चित्र उपलब्ध होते. मात्र त्या चित्रातील सर्वांत लहान ठिपका, म्हणजे पिक्सेल, जमिनीवरील १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद चौकोनाएवढा असतो. सात मीटर अंतराने लावलेल्या काजूच्या बागेत एका झाडाच्या वाट्याला ४९ चौरस मीटर जागा येते. याचा अर्थ उपग्रहाच्या एका ठिपक्यात दोन झाडे, त्यांच्यामधली माती आणि गवत असे सारे एकत्र मिसळून जाते. बागेचा एखादा कोपरा सुकत चालला आहे, एवढे त्यातून कळू शकते. त्या कोपऱ्यातले नेमके कोणते झाड आजारी आहे, हे कळत नाही.

शंभर मीटरच्या आत उडणारा ड्रोन साध्या कॅमेऱ्याने जमिनीवरील दोन-तीन सेंटिमीटरचा तपशील टिपू शकतो. सहा मीटर व्यासाचा घेर असलेले झाड अशा चित्रात हजारो ठिपक्यांनी बनलेले दिसते. दोन सेंटिमीटरचा एक ठिपका धरला, तर ही संख्या सत्तर हजारांच्या घरात जाते. मातीचे ठिपके वेगळे काढता येतात, सावलीचे वगळता येतात आणि उरलेल्या ठिपक्यांवरून त्या एकाच झाडाविषयी काही ठाम बोलता येते. ड्रोनचे खरे बळ या बारकाव्यात आहे.

छायाचित्रापासून नोंदवहीपर्यंत

ड्रोन बागेवरून नांगराच्या तासांप्रमाणे समांतर रेषांत उडतो आणि ठरावीक अंतराने सरळ खाली पाहणारी छायाचित्रे घेतो. प्रत्येक चित्राचा बराचसा भाग शेजारच्या चित्रातही यावा लागतो. फळबागेसाठी हे प्रमाण साधारण ७५ ते ८० टक्के ठेवले जाते. एकच फांदी अनेक कोनांतून दिसली, की संगणक तिची उंची काढू शकतो. माणसाला दोन डोळ्यांमुळे खोलीचा अंदाज येतो, त्यातलाच हा प्रकार आहे. या शेकडो चित्रांतून दोन गोष्टी तयार होतात. एक म्हणजे संपूर्ण बागेचा एकसंध, मोजमापास योग्य असा नकाशा; दुसरी म्हणजे जमीन आणि झाडांचे शेंडे यांच्या उंचीचा आराखडा. शेंड्याच्या उंचीतून जमिनीची उंची वजा केली, की झाडाची उंची मिळते.

त्यानंतर प्रत्येक झाड वेगळे काढले जाते. नारळाच्या बाबतीत हे काम तुलनेने सोपे असते. वरून पाहिल्यास नारळाची झावळे ताऱ्यासारखी पसरलेली दिसतात आणि संगणकाला तो आकार सहज शिकवता येतो. नव्या काजूबागेत झाडे सुटी असतात, त्यामुळे तिथेही अडचण येत नाही. जुन्या, दाट बागेत मात्र फांद्या एकमेकींत शिरलेल्या असतात. एक झाड कुठे संपते आणि दुसरे कुठे सुरू होते, हे संगणकाला सांगता येत नाही. अशा बागेत बागायतदाराने स्वतः बुंध्यांच्या जागा नोंदवून दिल्याखेरीज झाडांची यादी विश्वासार्ह होत नाही.

झाडे वेगळी झाली, की प्रत्येकाला क्रमांक मिळतो. त्या क्रमांकापुढे उंची, घेर आणि पानांची स्थिती लिहिली जाते. पुढच्या उड्डाणात याच क्रमांकापुढे नवी नोंद पडते. साध्या जीपीएसमध्ये काही मीटरांची चूक होऊ शकते. ती सुधारली नाही, तर दुसऱ्या वेळी शेजारच्या झाडाची नोंद पहिल्याच्या नावावर जाते. म्हणून अधिक अचूक स्थाननिश्चितीची यंत्रणा वापरतात किंवा बागेत कायमच्या खुणा करून ठेवतात. ही बाब किरकोळ वाटली, तरी संपूर्ण पद्धतीचा पाया तिच्यावरच उभा आहे. झाडाची तुलना त्याच्याच मागील वर्षाशी करता आली, तरच नोंदवहीला अर्थ राहतो.

डोळ्यांना न दिसणारा प्रकाश

निरोगी पान लाल प्रकाश शोषून घेते, कारण हरितद्रव्याला अन्न तयार करण्यासाठी तो लागतो. दृश्य लाल रंगाच्या पलीकडे असलेला निकट-अवरक्त प्रकाश मात्र तेच पान मोठ्या प्रमाणावर परत फेकते. माणसाच्या डोळ्याला हा प्रकाश दिसत नाही. खास कॅमेऱ्याला दिसतो. या दोन प्रकाशांच्या फरकाला त्यांच्या बेरजेने भागले, की जो आकडा येतो त्याला एनडीव्हीआय किंवा हरित निर्देशांक म्हणतात. समजा, एका झाडाची पाने निकट-अवरक्त प्रकाशाचा ४५ टक्के आणि लाल प्रकाशाचा ५ टक्के भाग परत फेकतात. ४० भागिले ५०, म्हणजे निर्देशांक ०.८ झाला. दुसऱ्या झाडाची पाने अनुक्रमे ३५ आणि १२ टक्के परत फेकत असतील, तर २३ भागिले ४७, म्हणजे साधारण ०.४९ येतो. दुसऱ्या झाडात काहीतरी बिनसले आहे, असा त्याचा अर्थ.

काय बिनसले आहे, ते मात्र हा आकडा सांगत नाही. पाण्याचा ताण, नत्राची कमतरता, कीड, बुरशी, मुळांची इजा किंवा नुसती पानगळ, या सर्वांनी निर्देशांक खाली येतो. शिवाय काजू आणि आंबा यांची कोवळी पालवी तांबूस असते. जोमाने फुटलेले झाड त्या दिवसांत यंत्राच्या नजरेला आजारी वाटू शकते. उलट दाट पर्णसंभाराच्या झाडात हा निर्देशांक एका पातळीवर जाऊन थबकतो आणि बरे झाड व उत्तम झाड यांतला फरक दाखवत नाही.

उष्णता टिपणारा कॅमेरा वेगळी माहिती देतो. झाड पानांतील सूक्ष्म छिद्रांवाटे पाणी बाहेर टाकते आणि त्यामुळे थंड राहते. पाणी कमी पडले किंवा खोडातून वर चढणारा पुरवठा अडला, की छिद्रे मिटतात आणि पाने तापतात. पाने पिवळी पडण्याच्या आधी हा बदल घडू शकतो, म्हणून त्याचे महत्त्व मोठे. पण वारा, ढग आणि दिवसाची वेळ यांनीही पानांचे तापमान बदलते. त्यामुळे एका झाडाचा आकडा त्याच वेळी टिपलेल्या शेजारच्या झाडांशी ताडूनच वाचावा लागतो.

ढेकण्या आणि रोठा: एकाच झाडाचे दोन शत्रू

काजूवरील दोन प्रमुख किडींची तुलना केली, की ड्रोनची उपयुक्तता आणि तिची सीमा दोन्ही लख्ख होतात.

पहिली कीड ढेकण्या, जिला टी मॉस्किटो बग असेही म्हणतात. पावसाळा सरल्यावर येणारी नवी पालवी, त्यानंतरचा मोहोर आणि कोवळी फळे यांतील रस ती शोषते. शेंडे काळवंडून सुकतात आणि प्रादुर्भाव वाढला की झाड भाजल्यासारखे दिसते. हे नुकसान झाडाच्या बाहेरच्या भागावर होत असल्याने वरून घेतलेल्या चित्रात ते पकडता येते. बागेच्या कोणत्या बाजूने करपण्यास सुरुवात झाली आहे, हे दिसले तर पुढची पाहणी आणि फवारणी तिथे आधी करता येते. सरसकट सगळ्या बागेवर औषध मारण्याची गरज त्यामुळे कमी होऊ शकते.

दुसरी कीड रोठा, म्हणजे खोड आणि मूळ पोखरणारी अळी. तिचा भुंगेरा बुंध्याजवळच्या सालीच्या फटींत आणि उघड्या मुळांवर अंडी घालतो. अळी सालीखाली शिरून वेडेवाकडे बोगदे करते आणि अन्नरसाचा मार्ग तोडते. सुरुवातीची लक्षणे जमिनीलगत दिसतात: बुंध्याशी पडलेला भुसा, सालीतून ओघळणारा डिंक, बारीक छिद्रे. या अवस्थेत साल खरवडून अळ्या काढल्या आणि शिफारशीनुसार उपचार केले, तर झाड वाचू शकते. पाने पिवळी पडू लागली, म्हणजे बुंध्याची साल बरीचशी पोखरली गेली आहे असे समजावे. त्यानंतर झाड सावरण्याची शक्यता फार कमी उरते.

ड्रोनला दिसतात ती पाने. म्हणजे रोठ्याच्या बाबतीत साध्या ड्रोनचित्रातून मिळणारी सूचना बहुधा त्या झाडासाठी उशिराच येते. असे असले, तरी ती निरुपयोगी नसते. पोखरलेले झाड किडीचे आगर असते; त्यातून निघालेले भुंगेरे आसपासच्या झाडांकडे वळतात. पिवळ्या पडलेल्या झाडाचा क्रमांक मिळाला, की त्याच्या भोवतीच्या आठ-दहा झाडांचे बुंधे लगेच तपासता येतात आणि मेलेले झाड मुळासकट काढून आतील अळ्या नष्ट करता येतात. चित्रात पिवळे दिसणारे झाड गमावलेले असले, तरी त्याच्या शेजारची हिरवी झाडे वाचवता येतात. म्हणून ड्रोनचा नकाशा हाती आल्यावर लाल-पिवळ्या ठिपक्यांइतकेच त्यांच्या लगतच्या हिरव्या ठिपक्यांकडेही लक्ष द्यायला हवे.

आंबा, नारळ आणि कुळागर

आंब्याचा मोहोर फांद्यांच्या शेंड्यांवर येतो आणि त्याचा रंग पानांहून वेगळा असतो. त्यामुळे झाडाचा किती भाग मोहरला, हे वरच्या चित्रातून झाडागणिक मोजता येते. मानकुरादसारख्या आंब्याच्या बागेत काही झाडे आधी, काही मागाहून मोहरतात. ही नोंद असेल, तर तुडतुडे आणि भुरी यांच्या बंदोबस्ताची वेळ झाडांच्या गटानुसार ठरवता येते आणि काढणीचा अंदाजही बांधता येतो. मात्र मोहोर म्हणजे फळ नव्हे. फळधारणा किती झाली, हे पानांआड दडलेले असते आणि त्यासाठी झाडाखाली उभे राहूनच पाहावे लागते.

नारळाच्या बाबतीत ड्रोनची गरज वेगळ्या कारणाने भासते. पूर्वी माडावर चढणारा पाडेली हाच बागेचा वैद्य असे. नारळ पाडता पाडता शेंड्याची अवस्थाही त्याच्या नजरेखालून जाई. पाडेली मिळेनासे झाले आणि ही पाहणीही थांबली. गेंड्या भुंग्याने कोवळा कोंब कुरतडला, की पुढे उलगडणाऱ्या झावळांवर कात्रीने कापल्यासारखे इंग्रजी व्ही अक्षराच्या आकाराचे काप दिसतात. कमी उंचीवरून घेतलेल्या स्पष्ट चित्रात ते ओळखता येतात. सोंड्या भुंगा मात्र खोडाच्या आत राहून माड पोकळ करतो. त्याचे लक्षण शेंड्यावर दिसेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. इथेही रोठ्याचाच धडा लागू पडतो.

कुळागराची गोष्ट आणखी निराळी. तिथे माड आणि पोफळी वर, त्यांच्यावर चढलेली मिरी, खाली केळी, जायफळ, अननस अशी थरांची रचना असते. ड्रोनला सर्वांत वरचा थर दिसतो आणि खालचे सारे झाकलेले राहते. शिवाय पोफळीचा सर्वांत घातक असा कोळेरोग भर पावसात पसरतो, म्हणजे ज्या दिवसांत ड्रोन उडवणेच कठीण असते नेमक्या त्या दिवसांत. कुळागर राखणाऱ्याने ड्रोनकडून माडांची आणि पोफळींची गणती, पडझडीची नोंद एवढीच अपेक्षा ठेवणे शहाणपणाचे ठरेल.

इटलीतील ऑलिव्ह बागांचा अनुभव

लक्षणे दिसण्याआधी रोग आकाशातून ओळखता येईल का, या प्रश्नाचा जगभरात गांभीर्याने शोध घेतला गेला आहे. दक्षिण इटलीतील पुलिया प्रांतात २०१३ मध्ये ऑलिव्हच्या झाडांत झायलेला फास्टिडिओसा हा जिवाणू आढळला. तो झाडाच्या पाणी वाहून नेणाऱ्या नलिका तुंबवतो. तेथील शतकांपूर्वीची झाडेही या रोगाने वाळून गेली. २०१८ मध्ये ‘नेचर प्लांट्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या संशोधनात असे दाखवण्यात आले, की प्रकाशाच्या असंख्य अरुंद पट्ट्यांची नोंद घेणारा कॅमेरा आणि उष्णता टिपणारा कॅमेरा एकत्र वापरल्यास डोळ्यांना लक्षणे दिसण्यापूर्वीही बाधित झाडे ओळखता येतात. अचूकता ८० टक्क्यांहून अधिक होती.

ही मोठी झेप आहे, पण तिच्या अटी ध्यानात घ्यायला हव्यात. ते कॅमेरे विमानावर बसवलेले होते, साध्या ड्रोनवर नव्हते. एकाच रोगावर लक्ष केंद्रित केलेले होते आणि जमिनीवर प्रत्यक्ष झाडांची तपासणी करून निष्कर्ष पडताळले गेले होते. चार-पाच रंगपट्टे टिपणाऱ्या बाजारातील कॅमेऱ्याने कोणत्याही पिकाचा कोणताही रोग आधीच कळेल, असा अर्थ त्यातून काढता येत नाही.

चुकीच्या सूचनांचा हिशेब

दोनशे झाडांची एक हेक्टरची काजूबाग घेऊ. समजा, त्यात दहा झाडे खरोखर अडचणीत आहेत आणि ड्रोनच्या नकाशाने वीस झाडांवर खूण केली. त्यांपैकी आठ खरी निघाली, बारा निरोगी निघाली आणि दोन आजारी झाडे नजरेतून सुटली. कागदावर ही कामगिरी सुमार वाटेल. प्रत्यक्षात बागायतदाराला दोनशेऐवजी वीस झाडांपर्यंत चालत जावे लागले आणि दहापैकी आठ झाडे हाती आली. मजूर मिळणे दुरापास्त झालेल्या काळात हा फायदा लहान नाही. मात्र बारा निरोगी झाडांवर तपासणी न करता औषध मारले किंवा सुटलेल्या दोन झाडांकडे ‘नकाशात हिरवी आहेत’ म्हणून दुर्लक्ष केले, तर हाच फायदा तोट्यात जातो. तपासणीत काय आढळले, हे त्याच क्रमांकापुढे लिहून ठेवले, तर पुढच्या वर्षी चुका कोणत्या प्रकारच्या होतात तेही कळू लागते.

उड्डाण केव्हा आणि कसे?

काजूसाठी पावसानंतर नवी पालवी फुटल्यावर एक, मोहोराच्या काळात एक आणि हंगाम संपल्यावर एक, अशी तीन उड्डाणे उपयोगी ठरू शकतात. दरवर्षी ती शक्यतो त्याच सुमारास करावीत. अन्यथा ऋतूचा फरक झाडाचा आजार म्हणून वाचला जातो. पावसाळ्यानंतर जमिनीवर हिरवे गवत असते आणि ते झाडाच्या घेरात मिसळते. मार्च-एप्रिलमध्ये गवत वाळल्यावर झाड उठून दिसते. सूर्य माथ्यावर असताना सावल्या कमी पडतात. प्रकाश दर मिनिटाला बदलत असल्याने ज्ञात परावर्तनाच्या पट्टीचे चित्र उड्डाणाच्या आधी आणि नंतर घ्यावे लागते. ही पट्टी वापरली नसेल, तर दोन वर्षांच्या आकड्यांची तुलना करण्यात अर्थ नसतो.

उन्हाळ्यात डोंगरमाथ्यावर लागणाऱ्या वणव्यांच्या दृष्टीनेही अशा नोंदीचे मोल आहे. आगीपूर्वीचा झाडांचा क्रमांकवार नकाशा असेल, तर किती झाडे होती आणि किती जळाली, याविषयी वाद उरत नाही.

नियमांची चौकट

देशात ड्रोन नियम २०२१ हे त्या वर्षीच्या २५ ऑगस्टपासून लागू आहेत. २५० ग्रॅमपर्यंतचा ड्रोन नॅनो, त्यापुढे २ किलोपर्यंतचा मायक्रो आणि २५ किलोपर्यंतचा लहान गटात मोडतो. हरित क्षेत्रात १२० मीटर, म्हणजे ४०० फुटांपर्यंत उड्डाणास पूर्वपरवानगी लागत नाही. विमानतळाच्या हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात ही मर्यादा ६० मीटर, म्हणजे २०० फूट आहे आणि त्याहून जवळ परवानगीवाचून उडवता येत नाही. गोव्यासारख्या लहान राज्यात दाबोळी आणि मोपा असे दोन विमानतळ आहेत, त्यांत दाबोळी हा नौदलाचा तळ. त्यामुळे उड्डाणापूर्वी अधिकृत हवाई नकाशा पाहणे अटळ ठरते. सेवा विकत घेताना ड्रोनची नोंदणी आणि चालकाचे प्रमाणपत्र पाहून घ्यावे.

आणखी एक गैरसमज दूर व्हायला हवा. केंद्राच्या ‘नमो ड्रोन दीदी’ योजनेत १५ हजार महिला स्वयंसहाय्य गटांना ड्रोन देण्याचे उद्दिष्ट आहे. ते प्रामुख्याने खते व औषधे फवारण्यासाठी आहेत. फवारणीचा ड्रोन आणि चित्रणाचा ड्रोन यांची कामे वेगळी. पहिला उपचार करतो, दुसरा कुठे पाहायचे ते दाखवतो. मधले निदानाचे काम या दोघांपैकी कोणीही करत नाही. ते बागायतदार, विभागीय कृषी कार्यालय आणि जुने गोवे येथील केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्थेसारख्या संस्थांतील तज्ज्ञ यांच्याकडेच राहते.

मागून काय घ्यावे?

लहान बागायतदाराने एकट्याने ड्रोन विकत घेण्यापेक्षा गावातील किंवा एकाच डोंगराच्या कुशीतील बागांनी मिळून सेवा घेणे परवडणारे ठरेल. एका बॅटरीवर साधारण वीस ते तीस मिनिटे उडणाऱ्या ड्रोनला लगतच्या अनेक बागा एकाच दिवसात टिपता येतात. किडीलाही बागांच्या हद्दी ठाऊक नसतात. सेवा देणाऱ्याकडून केवळ रंगीत नकाशा स्वीकारू नये. प्रत्येक झाडाचा क्रमांक, त्याचे स्थान, त्याची उंची-घेर आणि मागील उड्डाणाशी तुलना, अशी यादी मागावी. मूळ छायाचित्रेही आपल्याकडे ठेवावीत, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्याकडून काम करून घेतले तरी धागा तुटणार नाही.

अशी यादी हातात आल्यावर खरे काम सुरू होते. खूण झालेल्या झाडापाशी जाऊन बुंध्याभोवतीचा पाला बाजूला करायचा, भुसा किंवा डिंक दिसतो का ते पाहायचे आणि मग त्याच्या शेजारच्या प्रत्येक झाडाशी तेच करायचे. रोठ्याने पोखरलेले झाड वेळेत सापडण्याची जागा अजूनही जमिनीलगतच आहे. दोनशे झाडांच्या बागेत ती तपासणी कुठून सुरू करायची, हे आता वरून सांगता येऊ लागले आहे.